बदकांमागची पांढरी रेघ

१

चुडामण नानांच्या धाकट्या मुलीचं, पुष्पाचं, लग्न झालं ते साल १९८८. लग्न वैशाखातलं, पण फाल्गुनातच धुळ्याच्या घरात पाहुण्यांच्या याद्या, पापडाची पिठं आणि रुसवेफुगवे सुरू झाले होते. अशातही नाना रविवारी सकाळी पिशवीत रंगाची डबी टाकून जळगावच्या एस.टी.ला निघाले, तेव्हा भिकुबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

“पोरनं लगीन तोंडवर उनं, आन् तुम्ही डोंगरले रंग देवाले चालनात? तो डोंगर काय तुमना याही शे, नही गयात ते रुसी बसी?”

“याही रुसना ते समजूत काढता येस,” नाना चप्पल घालत म्हणाले. “मास्तर रुसनात ते नही येत.”

नाना मूळचे सोनगीरचे. पोलिसात हवालदार म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर रंगपाण्याच्या नादाला लागले. शालिग्राम मास्तरांचा वर्ग जळगावला त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत भरायचा. शिकायची तऱ्हाही जगावेगळी होती. भिंतीवर एकच चित्र टांगलेलं, आणि सगळ्यांनी त्याचीच नक्कल करायची. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. चित्र इंग्लंडातल्या कुणा जुन्या थोर चित्रकाराचं, छापील. पहाटेचं सरोवर, पलीकडे धुक्यात निळा डोंगर, आणि अलीकडे पाण्यावरून दचकून उठलेली बदकं. बदकांमागे पाणी फाटल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा. मास्तर त्या चित्रकाराचं नाव घेत नसत, नुसतं ‘थोरले’ म्हणत.

वर्गाचे दोन नियम होते. नकलेवर सही करायची नाही, आणि बदकांमागची पांढरी रेघ काढायची नाही. “ती थोरल्यांनी नखाने कागद खरवडून काढली म्हणतात,” मास्तर सांगायचे. “थोरल्यांचं एक तरी थोरल्यांकडे राहू द्या.”

त्या रविवारी खोलीत वेगळीच लगबग होती. मोतीबिंदू काढल्यानंतर मास्तर प्रथमच वर्ग घेणार होते. डोळ्यांसाठी ते धुळ्याला गेले, तेव्हापासून वर्ग बंद होता. तेवढ्या दिवसांत घराची किल्ली शेजारी असायची, आणि झाडलोट करायला, तुळशीला पाणी घालायला वर्गातली माणसं पाळीपाळीने येऊन जायची. आज सगळे हजर होते. पाट्या रंगवणारा वना पान चघळत बसला होता. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या प्रमिलाबाई पेन्सिलीला टोक करत होत्या. रावेरकडचा तरणा केळीबागाईतदार बन्सीलाल आपल्या नव्या जीपचं कौतुक सांगत होता. आणि त्याच भागातल्या, स्वतःच्या केळीच्या मळ्यात राबणाऱ्या पन्नाशीच्या बेबाबाई मास्तरांसाठी केळीच्या हिरव्या पानात बांधून आणलेली कळण्याची भाकरी आणि भरीत सोडत होत्या. जीपचं ऐकण्याच्या नादात वनाच्या कोपराने पाण्याचा पेला कलंडला. बेबाबाईंनी तो खाली पडायच्या आत डाव्या हाताने वरच्या वर झेलला.

“वा, बेबाबाई! रंगापेक्षा क्रिकेट खेळा,” वना म्हणाला. सगळे हसले. बेबाबाईंचं चित्र दरवेळी चिखल होई आणि नानांचा डोंगर मुळा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तर जाड भिंगांचा नवा चष्मा लावून भिंतीपाशी गेले. बराच वेळ नुसतेच बघत राहिले. मग म्हणाले, “नाना, हा कोपरा तांबूस का झाला?”

काचेच्या आत, चित्राच्या खालच्या कोपऱ्यात गंजासारखा डाग उमटला होता. नानांनी चौकट खाली उतरवली, मागची फळी काढली आणि कागद हातात घेतला. छापील चित्राचा गुळगुळीत कागद त्यांच्या बोटांना माहीत होता. हा खरखरीत होता. त्यांनी बोट ओलं करून डोंगराच्या कडेला हलकेच टेकवलं.

बोटाला निळा रंग लागला.

“मास्तर,” नाना म्हणाले, “हे थोरल्यांचं नाही. हे कुणीतरी हाताने काढलंय.”

२

मास्तरांना धक्का बसेल म्हणून बेबाबाईंनी पाणी पुढे केलं, तर मास्तरांनी तो पेला बाजूला सारला आणि कागद खिडकीच्या उजेडात नेला.

“हे धुकं बघा,” ते म्हणाले. “ओल्यात ओलं सोडलंय आणि बरोबर वेळेला हात काढून घेतलाय. माझ्या हातून हे आयुष्यात झालं नाही.”

“पण मास्तर, चित्र चोरीला गेलं ना तुमचं!” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“जाऊ दे. छापील होतं, पुन्हा मिळेल. हा हात कुठे मिळेल?” मास्तर खुर्चीत बसले. “तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आता सांगतो. डॉक्टरांनी छाती तपासून मान हलवली आहे. वैशाखात आखाजीच्या सणापासून वर्ग बंद करायचं मी ठरवलं होतं. कुणाच्या हाती द्यावा असा माणूसच घडला नाही म्हणून. आणि तो तर इथेच होता. माझ्या भिंतीवर त्याचं चित्र टांगलेलं, आणि मला त्याचं नाव माहीत नाही.” ते नानांकडे वळले. “तुम्ही पोलिसात होता. चोर नको मला. चित्रकार शोधून द्या. आखाजीच्या आत.”

नानांनी चोर पुष्कळ पकडले होते. पण ज्याला पकडल्यावर बेडीऐवजी हार घालायचा असा गुन्हेगार त्यांना कधी भेटला नव्हता.

कागद पुन्हा बघताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. बदकांमागची पांढरी रेघ इथे होती. नखाने खरवडलेली. वर्गात ती काढायला मनाई होती, म्हणजे ती कुणालाच शिकवलेली नव्हती.

मग ही रेघ कोण, कुठून शिकलं?

३

नानांनी एकेकाला अंगणातल्या बाकावर बोलावलं. डागाचं त्यांनी आधीच ओळखलं होतं. चहा असता तर ओल्या फडक्याने पसरला असता, हा पसरत नव्हता. नोकरीत सावद्याला असताना त्यांच्या खाकी सदऱ्यावर असाच डाग पडला होता, आणि भिकुबाईंनी दगडावर घासून सदरा विरवला तरी तो गेला नव्हता. केळीचा चीक. लागतो तेव्हा पाण्यासारखा, दिसतसुद्धा नाही. नंतर सावकाश तांबडा चढतो.

म्हणून पहिला बन्सीलाल.

“नाना, तुम्ही मले चोर समजू राह्यले का?” बन्सीलाल उसळला. “केळीवाला म्हणून? मंग आख्खा रावेर तालुका आत टाका! लॉकअप पुरायचं नही.”

“पाळी होती ना तुझी किल्लीची?”

“सगळ्यायची होती. मी आलो, झाडू मारला, गेलो. तुळशीले पाणी घालायचं राहून गेलं, तेवढा गुन्हा लिहून घ्या.”

नानांनी त्याच्या नकला आठवल्या. बन्सीलालला दम नाही. एक रंग वाळायच्या आत दुसरा, म्हणून त्याच्या आभाळात नेहमी कडा उठतात. त्या कागदावर एकही कड नव्हती.

वना आला तो पानाची पिंक टाकूनच. “मला विचारायचं तर सरळ विचारा. बदक पांढरं करायचं तर मी पांढरा रंग घेतो, नख नाही. नख झिजलं तर पाट्या कोण रंगवणार?” हे खरं होतं. वनाच्या डबीतला पांढरा रंगच सगळ्यात आधी संपायचा, आणि त्या चित्रात पांढऱ्या रंगाचा ठिपकाही नव्हता. जिथे उजेड होता, तिथे कोरा कागद होता.

प्रमिलाबाईंनी तर नानांनाच शिकवलं. “मी चौकटी आखल्याशिवाय हात लावत नाही, नाना. त्या चित्राखाली पेन्सिलीची एक रेघ दाखवा, मी गुन्हा कबूल करते.” नानांनी कागद उजेडासमोर धरून पाहिला होता. रेघ नव्हती.

बेबाबाई शेवटी आल्या. पदर सावरत बाकाच्या टोकाला टेकल्या.

“तुम्ही कधी आला होतात पाळीला?”

“माघात. पॅसेंजरनं आली व्हती. धुकं व्हतं लय.” त्या नानांकडे न बघता बोलत होत्या. “मास्तर खरंच वर्ग बंद करतीन का हो?”

“माणूस सापडला नाही तर करतील.”

नानांना वाटलं, बिचारीला वर्ग जाईल याचं दुःख आहे. चिखल होतो, पण एक रविवार चुकवत नाही. त्यांनी बेबाबाईंना जायला सांगितलं.

चौघंही निर्दोष. मग चित्र काय बदकांनी काढलं?

४

पुढच्या रविवारी नाना पोचले, तर दारातच भांडण ऐकू आलं.

“मी काढलंय!” बन्सीलाल ओरडत होता. “केळीचा चीक लागेल आहे त्याले. अजून काय पुरावा पाह्यजे?”

“हट्! तुझ्या आभाळाला भेगा पडतात, भेगा!” वना म्हणाला. “मास्तर, लाजून बोललो नव्हतो. ते माझं आहे.”

चोरी कुणी केली म्हटल्यावर अंग झटकणारे हे दोघं, आता वर्ग मिळणार म्हटल्यावर गुन्ह्यासाठी भांडत होते. प्रमिलाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मास्तर हसत नव्हते. दमलेले दिसत होते.

“ठीक,” नाना म्हणाले. “थोरल्यांचं छापील चित्र कुठे ठेवलंय?”

बन्सीलाल वनाकडे बघायला लागला. वना छताकडे.

“ज्याने काढलं त्याला ते ठाऊक असणार. आणा आणि हार घ्या.”

दोघंही आपापल्या जागी जाऊन बसले. मास्तर हळूच म्हणाले, “नाना, आखाजी जवळ आली.”

बेबाबाई खाली मान घालून रंग कालवत होत्या. त्यांचा डोंगर त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त चिखल झाला.

५

धुळ्याच्या घरी गव्हल्यांचा दिवस होता. लग्नाच्या खिरीसाठी रव्याच्या कणकेचे बारीक दाणे हाताने वळायचे, आणि त्यातच नखुली करायची. कणकेची तांदळाएवढी गोळी पाटावर ठेवायची आणि अंगठ्याच्या नखाने झटक्यात ओढायची, की ती चंद्रकोरीसारखी वाकते. शेजारच्या बायका जमल्या होत्या. नाना ओसरीवर बसून विचार करत होते, म्हणजे भिकुबाईंच्या मते रिकामे बसले होते.

“पुष्पा, उजवा हातनं कर!” भिकुबाई आतून ओरडल्या. “लगीननं काम शे. डावा हात चालस का?”

“माय, उजवा हातनं तुटस ना ते!” पुष्पा रडकुंडीला आली.

नाना उठून बघायला गेले. पुष्पा जन्माची डावखुरी. तिच्यापुढे उजव्या हाताने केलेली नखुली पडली होती. फाटकी, चपटी, बघवत नव्हती. आईची पाठ वळली की ती हळूच डाव्या हाताने करायची, आणि ती अशी सुबक, की सोनाराने घडवावी.

आणखी एक गंमत होती. भिकुबाईंच्या कोरींचं पोट एकीकडे, पुष्पाच्या डाव्या हाताच्या कोरींचं पोट दुसरीकडे. आरशात बघावं तसं उलटं.

नाना उकिडवे बसले. त्यांनी एक कोर उचलून तळहातावर ठेवली. बदकांमागच्या रेघा त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. त्या सरळ नव्हत्या. बारीक कोरी होत्या. झटक्यात ओढलेल्या. आणि त्यांचं पोट पुष्पाच्या कोरींच्या बाजूला होतं.

वर्गात डावखुरं कुणीच नव्हतं. किंवा होतं, पण मास्तरांपुढे नव्हतं.

“काय व्हयनं?” भिकुबाईंनी विचारलं.

“पुष्पाले डावा हातनं करू दे,” नाना म्हणाले. “आन् माले थोडी कणीक बांधी दे. जळगावले लई जाऊ दे.”

“कणीक? डोंगरले का आते खीर खावाडतस?”

६

आखाजीच्या आधीचा रविवार. नानांनी खोलीच्या मधोमध पाट ठेवला आणि कणकेचा गोळा सोडला.

“आज रंग नाही. पुष्पाच्या लग्नाची नखुली आहेत, आणि आपल्या माणसांचा हात लागावा असं आमच्या मंडळींनी सांगितलंय. पुरुषांनाही सुटका नाही.”

वना आणि बन्सीलालने जे केलं त्याला नखुली म्हणणं कणकेचा अपमान होता. प्रमिलाबाईंची नीट झाली, पण मोजूनमापून, सावकाश. बेबाबाईंनी उजव्या हाताने सुरुवात केली. पहिलं तुटलं, दुसरं पाटाला चिकटलं.

“आमच्या पुष्पाचं सासर पारोळ्याचं,” नाना सहज बोलायला लागले. “तुमच्याकडे रुखवतात काय काय मांडतात, बेबाबाई?”

बेबाबाईंना बोलायला विषय मिळाला. लेकीच्या लग्नात केळफुलाचा कोंबडा कसा केला, विहिणीने तो खरा समजून कशी ओरड केली, हे त्या रंगात येऊन सांगायला लागल्या. सगळे हसत होते. सांगता सांगता उजव्या हाताला पदर सावरायला जावं लागलं आणि पाटावर डावा हात आला. मग तो थांबलाच नाही. गोळी, नख, झटका. पाटावर चंद्रकोरींची रांग लागली.

नानांनी खिशातून भिंग काढलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. चौकटीतला कागद पाटाशेजारी ठेवला.

“मास्तर, बदकांमागची रेघ बघा. आणि ही नखुली बघा.”

बेबाबाईंचं बोलणं तुटलं. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग तो पदराखाली लपवला.

“लपवू नका,” नाना म्हणाले. “पेला कलंडला तेव्हाच तो मला दिसला होता, पण मी बघितलं नाही. वर्गात तुम्ही उजव्या हाताने काढता म्हणून चिखल होतो. घरी डाव्याने काढता. चीक केळीचा, म्हणजे मळा तुमचा किंवा बन्सीलालचा. धुकं तुम्ही माघात रोज पहाटे बघता. आणि ही रेघ कुणी शिकवलीच नव्हती. ती तुम्ही लग्नघरात शिकलात.”

“गुरूपुढं डावा हात कसा काढू हो?” बेबाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “लहानपनी बापानं चुलीतल्या लाकडाचा चटका देल्ला व्हता. देवाचं, गुरूचं काम उजव्या हातानंच.”

“आणि चित्र?” मास्तरांनी विचारलं.

“मास्तर, मी चोरलं नही. पाळीच्या दिवशी मनात आलं, एकदा जवळून पाहू. चौकटीवर फडकं टाकलं आन् कागद घरी नेला. मळ्यातल्या खोपटात बसून काढलं, लय वेळा काढलं. पहाटी केळीतून धुकं उठे, तापीकडनं, आन् मले वाटे थोरले इथंच बसेल व्हते. यावेळी मनासारखं जमलं. म्हटलं, मास्तरचं मास्तरले वापस करू आन् माझं दाखवू. धूळ लागू नये म्हणून दोन्ही कागद केळीच्या हिरव्या पानात गुंडाळले. भाकर गुंडाळते तसे. पुढच्या पाळीले इथं येऊन सोडले, तं पानाच्या दांड्याचा चीक थोरल्यायच्या आभाळावर ओघळेल! पुसून काय उपयोग? उद्या तांबडं पडीन हे मले माहीत. माझा कागद कोरडा दिसला. घाबरली, आन् तोच चौकटीत घातला.” त्यांनी डोळे पुसले. “त्याच्याबी कोपऱ्याले लागेल व्हता, ते दिसलं नही.”

केळीत जन्म गेलेल्या बाईने कागदाला केळीचं पान गुंडाळलं. दुसरं कुणी असतं तर वर्तमानपत्र घेतलं असतं, आणि हे चित्र कधी भिंतीवर चढलंच नसतं.

मास्तर उठले. काठी न घेता उठले. त्यांनी स्वतः ताव फळीवर चिकटवला, पाणी भरलं, आपला जपून ठेवलेला जाड कुंचला काढला आणि बेबाबाईंपुढे धरला.

बेबाबाईंनी सवयीने उजवा हात पुढे केला.

“तो नाही,” मास्तर म्हणाले. “चित्रवाला आणा.”

७

त्या सकाळी त्या खोलीत जे होते ते पुढे कितीतरी वर्षं ती गोष्ट सांगत राहिले. बेबाबाईंनी कुंचला डाव्या हातात घेतला. मग पाणी कागदावर पसरलं, निळा सुटला, आणि मनाने त्या खोलीतून गेल्याच. डोंगर धुक्यातून वर आला. कुणी हाका मारल्या असत्या तरी त्यांना ऐकू गेल्या नसत्या. वनाचं पान तोंडातल्या तोंडात राहिलं. बन्सीलालने वाळायची वाट बघणं म्हणजे काय असतं ते पहिल्यांदा बघितलं.

बदकं झाली. बेबाबाई थांबल्या आणि मास्तरांकडे बघायला लागल्या. नियम होता.

“काढा,” मास्तर म्हणाले. “थोरले काही बोलणार नाहीत.”

डाव्या अंगठ्याचं नख कागदावर टेकलं. झटका. पाणी फाटलं आणि बदक उडालं.

प्रमिलाबाईंनी आधी टाळ्या वाजवल्या. मग वना असा ओरडला, की शेजारचे लोक काय झालं म्हणून धावत आले. बन्सीलाल त्यांना सांगत सुटला, “आमच्याकडची बाई हाये! माझ्याच जीपमध्ये येते!”

“मग आतापर्यंत कुणी काढलं म्हणत होतास?” नानांनी विचारलं.

“नाना, तुम्ही बी ना. जुन्या गोष्टी काय काढता!”

डागाचं चित्र मास्तरांनी पुन्हा चौकटीत घातलं. पण त्याआधी दुसरा नियमही मोडला. बेबाबाईंच्या हातात पेन्सिल देऊन म्हणाले, “सही करा. डाव्या हाताने.” बेबाबाईंनी सावकाश, एकेक अक्षर बघत सही केली. मळ्यातून आणलेलं थोरल्यांचं चित्र, आभाळावर तांबड्या ओघळासह, शेजारी टांगलं गेलं. दोन्हींना डाग होता, म्हणून दोन्ही शोभून दिसायची.

आखाजीला वर्ग बंद झाला नाही. त्या दिवशी बेबाबाई मास्तरांच्या खुर्चीत बसल्या आणि मास्तर पहिल्यांदाच समोर, विद्यार्थ्यांत. पुढे गावागावांतून पोरं, पोरी, सासुरवाशिणी यायला लागल्या. त्यांना पहिला प्रश्न एकच असायचा: “लिहिते कोन्या हातानं? आन् घरी कोन्या हातानं?”

पुष्पाच्या लग्नातली खीर सगळ्यांनी खाल्ली. बेबाबाईंची नखुली वेगळी ओळखू येत होती. पुष्पाचीही. भिकुबाई प्रत्येक पाहुण्याला सांगत होत्या, “हाई मनी पोरनं डावा हातनं काम शे, देखा!”

नानांचे डोंगर शेवटपर्यंत मुळ्यासारखेच राहिले. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

शालिग्राम मास्तर १९९० सालच्या माघात, एका रविवारी सकाळी, वर्ग चालू असताना विद्यार्थ्यांत बसल्या बसल्या वारले. चुडामण नाना १९९७ च्या श्रावणात धुळ्याला वारले.